जुन्या गाडीला ऑइल कोणतं?

उद्यमबागेत तेल नंबरानं मागितलं जातं. हायड्रॉलिकवाल्याला 'अडुसष्ट' हवं असतं, कुणाला 'सेहेचाळीस', गिअरबॉक्सवाला 'नव्वद' म्हणतो आणि दुकानदार पुढचं काही न विचारता ड्रमकडे वळतो. बेळगावच्या खानापूर रस्त्यालगतच्या या वसाहतीत फाउंड्री, मशीन शॉप, क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकची कामं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब इथं चहाच्या टपरीवरही होतो. पण त्याच टपरीसमोर एखादी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर बोनेट उघडून उभी राहिली, की मापानं बोलणारी हीच माणसं अंदाजावर येतात.

मिस्त्री म्हणतो, "ट्वेंटी-फिफ्टी टाका आणि विसरा." पुण्याला नोकरी करणारा मुलगा सिंथेटिकचा आग्रह धरतो. निपाणीकडचा जीपवाला डिझेलच्या ऑइलची शपथ घेतो, आणि ज्यानं सत्तरच्या दशकात गाडी चालवली तो 'सिंगल ग्रेड फॉर्टी'शिवाय दुसरं नाव घेत नाही. या चौघांपैकी पूर्ण चुकीचा कुणीच नाही. प्रत्येकाचं म्हणणं कुठल्या तरी इंजिनाला, कुठल्या तरी अवस्थेत लागू पडतं. ते आपल्या इंजिनाला लागू पडतं का, हे मात्र तपासून घ्यावं लागतं.

या भागात यंत्राचं वेड जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर. गाड्यांच्या बाबतीत इथल्या घरांमधून आणि गॅरेजांमधून जे अजून टिकून आहे त्यात मुख्य नावं तीन. पहिली, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्यात तयार झालेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, १०८९ सीसीची. दुसरी, १४८९ सीसीचं ब्रिटिश बीएमसी बनावटीचं इंजिन दीर्घकाळ वागवणारी अ‍ॅम्बेसेडर. तिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. तिसरी महिंद्राची जीप, पेट्रोलही आणि डिझेलही. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० देखील आता चाळिशी ओलांडून या पंगतीत येऊन बसली आहे, पण तिचं इंजिन वेगळ्या जातीचं आहे. ऑइलचा खरा प्रश्न पहिल्या तिघींचा.

आधी नंबरांचा गोंधळ सोडवायला हवा, कारण उद्यमबागेत तो हमखास होतो. हायड्रॉलिक तेलाचा ६८ हा आकडा ४० अंश सेल्सिअसला मोजलेल्या घट्टपणाचा असतो. इंजिन ऑइलचा ४० किंवा ५० हा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा वर्ग सांगतो. गिअर ऑइलच्या ९० नंबरची मोजपट्टी तर तिसरीच. त्यामुळे ९० नंबरचं गिअर ऑइल ५० नंबरच्या इंजिन ऑइलपेक्षा जवळजवळ दुप्पट घट्ट असेल असा समज होतो. प्रत्यक्षात ते इंजिन ऑइलच्या ४० ते ५० नंबरांच्याच आसपास असतं. आणि हायड्रॉलिकचं ६८ हे इंजिनाच्या २० नंबराजवळ पडतं; ४० नंबरच्या इंजिन ऑइलशी बरोबरी करायची तर साधारण १५० नंबरचं औद्योगिक तेल घ्यावं लागेल. अर्थात घट्टपणा जुळला म्हणून ते इंजिनात चालत नाही. काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी रसायनं त्यात नसतात.

आता डब्यावरचं '२०डब्ल्यू-५०'. यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. २०डब्ल्यू वर्गाच्या ऑइलची थंडीतली परीक्षा उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २०ला, १०डब्ल्यूची उणे २५ला. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० ते १५ अंशांत असतो. म्हणजे डॅशआधीचा पहिला आकडा पाहून ऑइल निवडण्याची इथं गरजच पडत नाही, असं वाटेल. ते बरंचसं खरं आहे, पण पूर्ण नाही. गरम इंजिनात जे ऑइल पाण्यासारखं धावतं, तेच पहाटे कितीतरी पटींनी दाट असतं, आणि पंपापासून वर रॉकरपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. सिंगल ग्रेड फॉर्टी इथंच मागं पडतं. त्याची जमेची बाजू अशी, की मल्टिग्रेडमध्ये घट्टपणा राखण्यासाठी घातलेली पॉलिमरची साखळी वापरात तुटत जाते. सिंगल ग्रेडमध्ये ती नसल्यानं तुटायचं काही नसतं. तरी रोज पहाटे सुरू होणाऱ्या गाडीला मल्टिग्रेडच बरं.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. १०० अंशांवर ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स भरतं, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. तवंदी किंवा वंटमुरीचा घाट उन्हाळ्यात चढताना, किंवा चोर्ल्यातून गोव्याहून परतताना, क्रँक आणि बेअरिंगच्या मधे ऑइलचा थर किती जाड राहणार, ते हा आकडा ठरवतो.

किती जाड थर हवा, हे मात्र डबा सांगत नाही. ते इंजिनातली फट सांगते. दोन इंचांच्या जर्नलला बेअरिंगशी साधारण दोन थाऊची, म्हणजे इंचाच्या दोन हजारांश भागाची फट ठेवण्याचा प्रघात आहे. इंजिन झिजलं आणि ती चार झाली, तर तिथून निसटणारं ऑइल दुप्पट होत नाही; ते फटीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे आठपट होतं. पंप तोच, त्याची ताकद तीच. मग गरम इंजिनाला आयडलवर ऑइलचं प्रेशर पडतं, दिवा लुकलुकतो. अशा इंजिनात ५० नंबरचं ऑइल घातलं की प्रेशर सावरतं आणि मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरतं.

पण तीच गाडी क्रँक ग्राइंड करून, नवी अंडरसाइज बेअरिंग बसवून आली असेल तर फट पुन्हा दोन थाऊवर आलेली असते. तिला जुन्या सवयीनं घट्टच ऑइल दिलं, तर थंड इंजिनात प्रेशर भरमसाट चढतं, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल बेअरिंगकडे जाण्याऐवजी चेंबरमध्ये परत पडतं. काट्यावर प्रेशर छान दिसतं, पण ते प्रवाहाचं मोजमाप नाही. म्हणून ऑइल विकत घेण्याआधी एकदा प्रेशर गेज लावून पाहावं. इंजिन पूर्ण गरम असताना दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड प्रेशर, हा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी आहे. तेवढं ४० नंबरवर मिळत असेल तर ५०च्या मागे लागण्याचं कारण नाही.

घट्टपणाचा मुद्दा इथं संपतो. जुन्या गाडीचं खरं दुखणं वेगळ्या ठिकाणी आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

फियाट, अ‍ॅम्बेसेडर, पेट्रोल जीप या तिन्हींत कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये असतो. त्याच्या उंचवट्यावर टॅपेटचा सपाट दिसणारा तळ थेट घासतो. मधे रोलर नाही. उघडलेल्या इंजिनातला टॅपेट हातात घेऊन उजेडात धरला, तर तळावर वर्तुळाकार, एकसारखी चकाकी दिसली पाहिजे. याचा अर्थ टॅपेट चालता चालता स्वतःभोवती फिरत होता आणि झीज सगळीकडे वाटली जात होती. चकाकीऐवजी तळावर खड्ड्यांचे बारीक ठिपके किंवा एकाच दिशेचा ओरखडा दिसला, तर तो फिरायचा थांबला आहे आणि समोरचा कॅमही खाल्ला गेला आहे. बाहेरून याची खूण एकच: टॅपेट सेट केले तरी महिन्याभरात पुन्हा वाजू लागतात, दरवेळी फट वाढलेली सापडते, आणि गाडी चढाला दम सोडते. पुष्कळदा याचा दोष कार्बोरेटरवर जातो.

कॅमच्या उंचवट्याच्या टोकाशी टॅपेटचा जो स्पर्श होतो, तिथं दाब चौरस इंचाला लाखाच्या पुढे पौंडांचा असतो. एवढ्या दाबाखाली ऑइलचा नुसता थर टिकत नाही. तिथं धातू वाचवतं ते झेडडीडीपी हे जस्त आणि फॉस्फरस असलेलं रसायन. १९४० च्या दशकात ते ऑइलमध्ये येऊ लागलं ते ऑक्सिडेशन आणि बेअरिंगचा गंज रोखायला. झीज थांबवण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. उष्णता आणि दाब एकत्र आले की ते धातूवर काचेसारखं पातळ कवच धरतं. कवच घासलं जातं, पुन्हा धरतं. म्हणजे ते खर्च होणारं रसायन आहे, आणि ऑइल जुनं झालं की त्याचा साठा संपतो.

मग नव्या ऑइलमध्ये ते कमी का झालं? कारण गाडीच्या दुसऱ्या टोकाला आहे. इंजिनानं जाळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याला निकामी करतो. भारतात १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आला आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल. जगभर हेच आधी-नंतर घडत गेलं, तसतशी ऑइलमधल्या फॉस्फरसची मर्यादा खाली आली: एपीआय एसएच वर्गात ०.१२ टक्के, एसजे आणि एसएल वर्गांत ०.१०, आणि २००४ च्या एसएमपासून ०.०८. रोलर टॅपेटच्या आणि हलक्या स्प्रिंगच्या नव्या इंजिनांना एवढं पुरतं. जुन्या पुशरॉड इंजिनांच्या मालकांमध्ये, विशेषतः अमेरिकेत, तेव्हापासून जी घबराट पसरली ती अजून पुरती शमलेली नाही.

इथं एक बारकावा आहे आणि तो आपल्याकडच्या मालकाच्या फायद्याचा आहे. ही वरची मर्यादा सगळ्या घट्टपणांना सारखी लागू नाही. ती मुख्यतः इंधन वाचवणाऱ्या पातळ, म्हणजे ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा ग्रेडवर आहे. २०डब्ल्यू-५० आणि १५डब्ल्यू-४० या ग्रेडना एसएन वर्गात ०.०६ टक्क्यांची खालची अट आहे, वरची नाही. म्हणजे उत्पादकानं ठरवलं तर तो त्यात जास्त जस्त-फॉस्फरस ठेवू शकतो, आणि पुष्कळ उत्पादक ठेवतात. आपल्या मिस्त्रीच्या 'ट्वेंटी-फिफ्टी'ला या मार्गानं एक पाठबळ मिळतं, त्याला ते ठाऊक असो वा नसो. डब्यावर हा आकडा नसतो. तो कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात जस्त किंवा फॉस्फरस या नावानं सापडतो. ०.१० ते ०.१२ टक्के फॉस्फरस असेल तर जुन्या कॅमशाफ्टनं निश्चिंत राहावं.

इंग्रजी अक्षरांचा क्रमही समजून घ्यायला हवा. एसएफ १९८०चा, एसजी १९८९चा, एसएल २००१चा, एसएन २०१०चा, एसपी २०२०चा. 'माझी गाडी १९७२ची, म्हणून मला त्या काळाचा एसई किंवा त्याहून जुना वर्ग हवा,' हा युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो, पण तो फसवा आहे. एसए वर्गाच्या ऑइलमध्ये रसायनं जवळजवळ नसतातच आणि १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांना ते योग्य नाही, असं एपीआयच सांगते. जुन्या वर्गात जस्त असेलही, पण काजळी आणि आम्ल सांभाळण्याची आजची ताकद त्यात नसते. जुना वर्ग शोधू नये, नव्या वर्गातला योग्य घट्टपणा शोधावा.

बाटलीतून मिळणारं जस्ताचं टॉनिक दर ऑइल बदलाला ओतणारेही भेटतात. चांगल्या २०डब्ल्यू-५० मध्ये त्याची गरज नाही. उलट फॉस्फरस प्रमाणाबाहेर गेला की तो लोखंडावरच हल्ला करू लागतो आणि ऑइल तयार करणाऱ्यानं साधलेला रसायनांचा तोल बिघडतो. हे पैसे फिल्टरवर घालवावेत.

निपाणीच्या जीपवाल्याचं डिझेल ऑइल हा यातला सर्वांत भक्कम पर्याय, असं म्हणायला हरकत नाही. १५डब्ल्यू-४०, सीआय-४ वर्ग, आणि त्याच डब्यावर पेट्रोलसाठी एसएलसारखा वर्गही छापलेला, असं ऑइल ट्रॅक्टर आणि टेंपोच्या निमित्तानं या भागातल्या कुठल्याही गावात मिळतं. सीआय-४ला फॉस्फरसची मर्यादा नव्हती. काजळी धरून ठेवण्याची त्याची क्षमता मोठी. डिझेल जीपला ते हवंच, आणि नीट बांधलेल्या अ‍ॅम्बेसेडर-फियाटलाही ते मानवतं. अट एकच: डब्यावर पेट्रोलचा 'एस'ने सुरू होणारा वर्ग छापलेला असला पाहिजे.

त्याची अडचण होते ती गाळ साचलेल्या इंजिनात. वर्षानुवर्षं स्वस्त ऑइलवर चाललेल्या गाडीचा चेंबर उतरवला, तर तळाला काळा, बोटानं खरवडता येईल असा लगदा निघतो. त्यात अचानक जबर डिटर्जंट असलेलं ऑइल गेलं तर तो सुटतो, ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि पंप उपाशी राहतो. म्हणून इतिहास माहीत नसलेली गाडी विकत घेतल्यावर आधी चेंबर उतरवून जाळी धुवावी, पॅकिंग बदलावं, मग चांगलं ऑइल घालून ते पहिल्यांदा हजारभर किलोमीटरवरच बदलावं. फ्लशिंगचं रॉकेलयुक्त मिश्रण घालून इंजिन चालवण्याची पद्धत सोडून द्यावी. त्या काही मिनिटांत बेअरिंगला वंगण मिळत नाही.

सिंथेटिकवरचा आरोप गळतीचा. सुरुवातीच्या काही सिंथेटिक तेलांनी रबरी सीलना त्रास दिला होता हे खरं, पण आजच्यांची ती तक्रार नाही. अ‍ॅम्बेसेडर ठिबकते ती मुळातच. त्या बनावटीत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नसून शाफ्टवर कोरलेली उलटी आटी फिरता फिरता ऑइल आत ढकलते. गाडी थांबली की तिचं काम थांबतं. पातळ ऑइल तिथून लवकर उतरतं, मग ते सिंथेटिक असो वा मिनरल. सिंथेटिकचा खरा फायदा अति थंडीत, अति उष्णतेत आणि लांब पल्ल्याच्या बदलात आहे. बेळगावच्या हवेत, वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या आणि तरीही वर्षाला ऑइल बदलावं लागणाऱ्या गाडीत तो फायदा पदरात पडत नाही.

वर्षाला का बदलायचं, तर न चालण्यामुळे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. त्या दिवसभर गरम असायच्या, ऑइलमधलं पाणी उडून जायचं. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला लोकांना दिसते. आपल्या दारातली फियाट या दोन्हींच्या मधे कुठं तरी, बहुधा मेबॅकच्या बाजूला असते. २०२१ च्या केंद्राच्या नियमानं ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, पण नंतर ती रोजच्या वापरात आणता येत नाही. थोडं फिरून थंड होणाऱ्या इंजिनात वाफ साचते, आम्ल तयार होतं. पावसाळ्यात ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधट फेस दिसतो तो याचाच. ऑइल पावसाळ्यानंतर बदलावं आणि गाडी बाहेर काढली की निदान अर्धा-पाऊण तास चालवावी.

आता यात वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली आहे. उसाच्या या पट्ट्यात इथेनॉल ही शेतकऱ्याच्या पैशाची गोष्ट आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटलेला, डायफ्रामवर चालणारा आहे. जुनं रबर इथेनॉलनं सुजतं, फाटतं आणि पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी कमी होण्याऐवजी वाढली असेल, तर गाडी सुरू न करता पंपाचा डायफ्राम बदलावा आणि मगच ऑइल. नाहीतर जगातलं सर्वोत्तम ऑइलही त्या आठवड्यात पाणी होतं.

नव्यानं बांधलेल्या इंजिनाचा नियम वेगळा. नवा कॅम आणि टॅपेट बसवताना त्यांना असेंब्लीची जस्तयुक्त पेस्ट लावावी, साधं मिनरल ऑइल भरावं, आणि पहिल्यांदा सुरू झाल्यावर इंजिन आयडलवर सोडू नये. वीसेक मिनिटं दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावं, कारण कॅमला ऑइल मिळतं ते मुख्यतः क्रँकच्या फेकीतून, आणि आयडलवर ती फेक कमी पडते. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरवर काढावं.

तर निवाडा असा. झिजलेली, थोडं ऑइल खाणारी, गरम झाल्यावर प्रेशर सोडणारी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर: मिनरल २०डब्ल्यू-५०, एसएल किंवा त्यानंतरचा वर्ग. नीट बांधलेली, प्रेशर भरून देणारी: पेट्रोलचाही वर्ग छापलेलं १५डब्ल्यू-४० सीआय-४. डिझेल जीपला तेच. मारुती ८००ला तिच्या पुस्तिकेत छापलेला ग्रेड, ५० नंबरच्या मोहात न पडता. कंपनी कुठलीही चालेल. डबा मात्र कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच, सील पाहून घ्यावा, आणि रिकामा झाल्यावर तो फोडून टाकावा, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून विकता येणार नाही.

आणि काढलेलं चार लिटर काळं ऑइल गटारात किंवा सेंट्रिंगच्या फळ्यांवर जाऊ देऊ नये. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्धीकरणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. घरच्या गाडीचं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवावं आणि ज्या गॅरेजचा परवानाधारक संकलकाशी व्यवहार आहे, तिथंच नेऊन द्यावं.